शटर काउंट नंतर विचारा, आधी पावसाळे मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुना डिजिटल कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस विक्रेत्याला हमखास एकच प्रश्न विचारतो, ‘शटर काउंट किती?’ प्रश्न चुकीचा नाही, पण आपल्याकडे तो पहिला नसावा. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात कॅमेरा वापरून झिजतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा न वापरता सादळतो. म्हणून पहिला प्रश्न असा हवा: मागचे चार पावसाळे हा कॅमेरा कुठे होता? उत्तर ‘कपाटात, बॅगेत, अगदी जपून’ असे आले की सावध व्हावे. जपून ठेवलेला कॅमेराच बहुधा बुरशीने खाल्लेला असतो.

शटर काउंट म्हणजे शटरचा पडदा आजवर किती वेळा उघडला याची मोजदाद. निकॉन डी९० (२००८) या मॉडेलसाठी कंपनीने एक लाखाचा आकडा दिला होता, डी७००० (२०१०) आणि कॅनन ५डी मार्क टू (२००८) यांच्यासाठी दीड लाखाचा. ही काही औषधाच्या बाटलीवरची मुदत नव्हे. काही शटर त्याच्या दुप्पट चालतात, काही निम्म्यावर अडकतात. वीस हजार फिरलेला पण दहा वर्षे चामड्याच्या केसमध्ये पडून राहिलेला एक, आणि ऐंशी हजार फिरलेला पण दर मुहूर्ताला लग्नाच्या मांडवात जाणारा दुसरा, असे दोन समोर आले तर दुसऱ्याची आधी तपासणी करावी. त्याचे रबर झिजलेले असेल, रंग उडालेला असेल, पण त्याला वारा आणि उजेड मिळालेला असतो.

तरीही आकडा हवाच असेल तर तो नीट काढावा. निकॉनमध्ये तो प्रत्येक फोटोच्या आत लिहिलेला असतो. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने उघडली की दिसतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या फाइलमध्ये ही माहिती उरत नाही, म्हणून विक्रेत्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. कॅननच्या बहुतेक हौशी मॉडेलांत मात्र तो फोटोत नसतो. कॅमेरा यूएसबी केबलने संगणकाला जोडून वाचावा लागतो आणि काही मॉडेलांत तसाही वाचता येत नाही. फाइलच्या नावातला क्रमांक दाखवून ‘फक्त साडेतीन हजार फोटो काढलेत’ असे कोणी म्हणाले तर हसून सोडून द्यावे. तो क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ होतो.

आता मुख्य मुद्दा, बुरशी. तिचे बीजकण सगळीकडे असतात, भिंगावरही असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, वस्तू अंधारात आणि कोंदट जागी असली, की ते रुजतात. कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. बुरशी भिंगावरच्या धुळीवर आणि बोटांच्या तेलकटपणावर वाढते आणि तिच्यातून पाझरणारे आम्ल भिंगाचा लेप, पुढे काचही, कोरते. लेप कोरला गेला की भिंग कितीही पुसा, डाग राहतो. म्हणून ‘सर्व्हिसिंग करून घ्या, निघून जाईल’ या आश्वासनाला अर्थ नाही. सुरुवातीची बुरशी निघते, मुरलेली नाही.

ती पाहायची कशी? लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवा. दोन्ही झाकणे काढा. फोनचा टॉर्च मागच्या बाजूने, सरळ नव्हे तर थोडा तिरका धरा आणि मागे काळे कापड किंवा अंधारा कोपरा येईल असे पुढून पाहा. मग उलट करा: टॉर्च पुढून, डोळा मागून. झूम असेल तर दोन्ही टोकांना फिरवून पुन्हा पाहा. निकॉनच्या जुन्या लेन्सच्या मागे एक छोटी पट्टी असते, ती बोटाने सरकवून आतल्या झडपा (ॲपर्चर, उजेड कमी-जास्त करणारे भोक) पूर्ण उघडाव्या लागतात. कॅननच्या लेन्सच्या झडपा कॅमेऱ्यावरून उतरवल्यावर आपोआप उघड्याच असतात. आत सुटे कण दिसले तर ती धूळ आहे, फोटोत दिसणार नाही, किमतीत घासाघीस करायला पुरेशी आहे एवढेच. कडेकडून आत येणारे फाटे फुटलेले धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बारीक बर्फाच्या नक्षीसारखे, ही बुरशी. सगळे भिंगच दुधाळ दिसले तर आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसली आहे किंवा दोन भिंगांमधला चिकट थर सुटू लागला आहे. त्याने फोटो फिके, धुरकट येतात. उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत हे लगेच कळते. बुरशी आणि दुधाळपणा, दोन्हींपैकी काहीही दिसले तर ती लेन्स फुकटातही घेऊ नये. फुकटात आलेली बुरशी शेजारच्या चांगल्या लेन्सच्या डब्यात जाते.

व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, डाग दिसले तर मात्र घाबरू नये. फोकसिंग पडद्यावरचा किंवा प्रिझममधला कचरा डोळ्याला खुपतो, फोटोत उतरत नाही. तो काढायच्या नादात लेन्सच्या मागचा, कॅमेऱ्यातला आरसा कापडाने पुसणारे मात्र कॅमेरा खराब करतात. त्या आरशाचा चकचकीत लेप काचेच्या मागे नसून पुढे असतो. एका पुसण्यात ओरखडे पडतात. तिथे रबरी ब्लोअरच्या हवेपलीकडे काहीही नको.

दमट हवेचा दुसरा मार विजेच्या संपर्कांवर. बॅटरीचा कप्पा उघडून तळाचे धातूचे पत्ते पाहा. हिरवट किंवा पांढरी बुकटी दिसली तर आत ओल गेलेली आहे. लेन्सच्या मागचे सोनेरी ठिपके, फ्लॅश बसवायचा वरचा खाचा, कार्डाचा कप्पा हेही पाहा. कॅननवर ‘एरर ०१’ आला तर बहुधा लेन्स आणि बॉडीचा संवाद तुटलेला असतो. कधी ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काम होते, कधी लेन्समधली चपटी केबल तुटलेली असते. दुकानातच पुसून पाहावे, घरी नेऊन नव्हे. अंगठ्याखालचे रबर फुगून सुटलेले असेल तर तो दोष वरवरचा आहे. घाम आणि तेलाने रबर फुगते, नवे चिकटवता येते.

गेल्या काही वर्षांत तरुणांमध्ये जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची, त्यांच्या सीसीडी सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या जुन्या प्रकारच्या चिपच्या) रंगांची, फार क्रेझ आहे. त्यांनी एक इतिहास लक्षात ठेवावा. साधारण २००२ ते २००४ या काळात सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरांत आतल्या बारीक तारांचे जोड उष्ण आणि दमट हवेत सुटू लागले. २००५मध्ये एकामागून एक कंपन्यांनी हे मान्य करून मोफत दुरुस्ती जाहीर केली, कारण तेच सेन्सर अनेकांनी वापरले होते. कॅनन पॉवरशॉट ए७५, ए८५, ए९५ ही त्या यादीतली ठळक नावे. लक्षण असे: कॅमेरा सुरू होतो, आधी काढलेले फोटो दिसतात, पण समोरचे दृश्य काळे, जांभळट किंवा आडव्या रेघांनी फाटलेले दिसते. ती मोफत दुरुस्ती आज उपयोगाची नाही आणि सेन्सर बदलण्याचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त. या काळातला कॅमेरा स्क्रीनवर किमान दहा मिनिटे चालू ठेवून, थोडा गरम होऊ देऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘उष्ण आणि दमट’ हे त्या कंपन्यांचे शब्द आपल्याकडे आठ महिने लागू पडतात!

सेन्सर तपासायला दोनच फोटो लागतात. पहिला: झडप एफ/१६ किंवा एफ/२२ वर (आकडा मोठा तितके भोक बारीक), फोकस मुद्दाम बिघडवून, कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा. स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरा. राखाडी ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ; तीच चौकट एफ/४ वर काढली की ते पुसट होतात. ब्लोअरने गेले नाहीत तर ओल्या स्वॅबने साफ करून घ्यावे लागते, तेही सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब घेऊन. निकॉन डी६०० (२०१२) मध्ये असे ठिपके वारंवार येण्याचा दोष गाजला, म्हणून तो घेताना ही चाचणी चुकवू नये. कॅनन ११००डी, १२००डी, १३००डी यांत सेन्सर स्वतः झटकून घेण्याची सोय नाही, त्यामुळे त्यांत धूळ असणारच. दुसरा फोटो: लेन्सवर झाकण लावून, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००, चार-पाच सेकंदांचा. काळ्या चौकटीत लाल, निळे, पांढरे दोन-चार कण चालतील. चांदणे पसरलेले असेल तर सोडून द्या. जाता जाता १/४००० सेकंदाला एक फोटो उजेडात काढावा. चौकटीची एक बाजू काळसर आली तर शटरचे पडदे बरोबरीने धावत नाहीत. शटर काउंटपेक्षा ही चाचणी जास्त खरे सांगते.

कार्ड आणि बॅटरी या दोन गोष्टींत लोक सर्वांत जास्त फसतात. जुन्या कॅमेऱ्यात आजचे ६४ जीबी कार्ड घालून ‘कार्ड एरर’ आला की कॅमेरा बिघडला असे समजतात. कार्डांच्या तीन पिढ्या आहेत: साधे एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ४ ते ३२ जीबी, त्यापुढे एसडीएक्ससी. २००५चा निकॉन डी५० फक्त पहिली पिढी ओळखतो. २००६चा डी४० एसडीएचसी चालवतो. सुरक्षित ठोकताळा असा की २००७ ते २०१० मधल्या कॅमेऱ्याला ८ किंवा १६ जीबीचे एसडीएचसी द्यावे आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. ऑलिम्पस आणि फुजीच्या जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत एक्सडी नावाचे कार्ड लागते. ते बनणे कधीच थांबले, तेव्हा कार्ड सोबत मिळत नसेल तर कॅमेरा घेऊ नये. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डवाल्या कॅमेऱ्यांत (निकॉन डी७०, डी२००, कॅनन ३५०डी, ४०डी, ५डी मार्क टू) कप्प्यात टॉर्च मारून आतल्या टाचण्या सरळ आहेत का ते पाहावे. एक टाचणी वाकली की कार्ड घुसत नाही, जोर केला की तुटते.

बॅटरी फुगलेली असेल तर कप्प्यातून सहज निघत नाही. हीच तिची ओळख. निकॉन डी८०, डी९०, डी२०० यांच्या मेनूत बॅटरीचे वय ० ते ४ असे दिसते, ४ म्हणजे बदला. कॅनन ६०डी आणि ५डी मार्क टू यांत तीन चौकोनांनी दिसते, लाल म्हणजे संपली. तारीख दर वेळी मागे जात असेल तर आतली छोटी बॅटरी गेलेली आहे. कॅनन ३५०डी, ४००डीमध्ये ती सीआर२०१६ ची गोल बॅटरी असते, स्वतः बदलता येते. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात. त्याला निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेलच लागतात. ते न घालता ‘कॅमेरा बंद पडतो’ म्हणून कमी किमतीत निघालेले कितीतरी कॅमेरे चांगले असतात. ही तपासणाऱ्याची खरी कमाई.

निकॉन घेताना आणखी एक खाच आहे, शब्दशः. बॉडीच्या लेन्स बसवायच्या कड्यात स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखा बारीक दांडा दिसतो का पाहा. तो असेल (डी७०, डी८०, डी९०, डी७०००) तर जुन्या ‘एएफ’ आणि ‘एएफ-डी’ लेन्सही आपोआप फोकस करतात. डी४०, डी६०, डी३००० ते डी३५०० आणि डी५००० मालिकेत तो नाही, त्यांना ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ (फोकसची मोटर लेन्समध्येच असलेली) लेन्स हवी, आणि एएफ-पी तर डी४०सारख्या जुन्या बॉडीवर चालतच नाही. स्वस्तात मिळाली म्हणून ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स डी३१००ला घेतली तर हाताने फोकस करत बसावे लागते. कॅननमध्ये भानगड कमी: ‘ईएफ’ सगळ्यांवर बसते, ‘ईएफ-एस’ मोठ्या सेन्सरच्या ५डीवर बसत नाही. मेगापिक्सेलची काळजी मात्र करू नये. डी४०चा ६ मेगापिक्सेलचा फोटो ३००८ बाय २००० ठिपक्यांचा. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तरी १० बाय साडेसहा इंच येतो. घरातल्या भिंतीवर याहून मोठे किती जण लावतात?

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात वरच्या बहुतेक चाचण्या काउंटरवर उभ्याउभ्या करू देतात. जो करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. ऑनलाइन जाहिरातीतला मनुष्य ‘बदली झाली आहे, कुरिअरने पाठवतो, आधी अर्धे पैसे पाठवा’ म्हणाला तर संवाद तिथेच संपवावा. बिल किंवा खोका नसेल तर निदान बॉडीखालचा सिरियल नंबर आणि फोटोच्या माहितीतला नंबर जुळतो का पाहावे.

कॅमेरा घरी आला की पहिल्या दिवशी फोटो काढायचे नाहीत, मागच्या मालकाला बाहेर काढायचे. तो आपल्या सवयी आत सोडून गेलेला असतो: एक्स्पोजर (फोटोचा उजेड) −१ वर, रंगसंगती (व्हाइट बॅलन्स) ट्यूबलाइटवर, फोकस मागच्या बटणावर, लेन्सचा खटका ‘एम’वर. नवा मालक म्हणतो, फोटो काळे येतात, फोकसच होत नाही. निकॉनवर हिरव्या ठिपक्यांची दोन बटणे दोन सेकंदांहून जास्त दाबून धरली की मुख्य सेटिंग मूळ पदावर येतात. मेनूतली वेगळी पुसावी लागतात. कॅननच्या मेनूत ‘क्लिअर ऑल कॅमेरा सेटिंग्ज’ आणि कस्टम फंक्शनसाठी वेगळी ओळ आहे, दोन्ही वापरा. मग व्ह्यूफाइंडरच्या शेजारचे छोटे चाक फिरवून आतले आकडे आणि चौकोन तुमच्या डोळ्याला स्वच्छ दिसेपर्यंत आणा. समोरचे दृश्य पाहून फिरवायचे नाही, आकडे पाहून. चष्मेवाल्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

शिकण्याची सुरुवात ‘ऑटो’ किंवा ‘मॅन्युअल’ दोन्हींनी करू नये. निकॉनवर ‘ए’, कॅननवर ‘एव्ही’ या मोडवर चाक ठेवा: झडप तुम्ही ठरवायची, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. नऊ किंवा अकरा फोकस बिंदूंपैकी फक्त मधला निवडा. जुन्या कॅमेऱ्यांत तोच सर्वांत भरवशाचा असतो, कडेचे बिंदू कमी उजेडात चाचपडतात. खिडकीत तांब्या, वाटी आणि पेला एकेक फुटाच्या अंतराने मागेपुढे ठेवा, मधल्यावर फोकस करा आणि एफ/१.८, एफ/४, एफ/११ असे तीन फोटो काढा. पार्श्वभूमी कशाने विरघळते हे वाचून कळत नाही, या तीन फोटोंत कळते. हे करताना शटरचा वेग डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहा: ५० मिमीला १/८० च्या खाली गेला तर हात हलल्याची खूण येईल, आयएसओ वाढवा. डी९०च्या पिढीत १६०० पर्यंत निर्धास्त, ३२०० ला दाणे दिसतात. अंधारात वाचवण्यासाठी कमी आयएसओवर काळा फोटो काढून नंतर उजळवला तर दाणे आणखी वाढतात, हे नवशिक्यांना उलटे वाटते.

कॅमेऱ्याचा उजेडमापक सगळे जग मध्यम राखाडी समजतो. पांढरे धोतर-सदरे घातलेल्या वारकऱ्यांनी चौकट भरली की तो फोटो काळवंडवतो, तेव्हा एक्स्पोजर +२/३ ते +१ वर न्यावे. काळ्या पाषाणाच्या मूर्तीने चौकट भरली की तो ती राखाडी, धुतलेली करतो, तेव्हा −२/३ ते −१. पण काळोख्या गाभाऱ्यात एकच पांढरे फूल असेल तर पांढऱ्याचा नियम उलटतो, कारण कॅमेरा काळोख पाहून फूल जाळून टाकतो. म्हणून फोटो काढल्यावर हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) आणि जळालेल्या पांढऱ्या भागाची लुकलुक पाहायची सवय लावावी. ११००डीच्या २.३ लाख ठिपक्यांच्या स्क्रीनवर डोळ्याने भरवसा ठेवता येत नाही. शिवाय फोटो रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलीत, काढावेत. जुने सेन्सर पांढऱ्यातला तपशील लवकर गमावतात, रॉ मध्ये थोडा परत मिळतो. निकॉनच्या एनईएफ आणि कॅननच्या सीआर२ या रॉ फाइली उघडायला निकॉनचा एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचा डीपीपी मोफत आहेत, डार्कटेबलही.

गणपतीच्या आरासातल्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवले की पट्टे जातात. पळणाऱ्या पोरांना १/२५० हवे, म्हणजे तिथे दिवाच बदलावा लागेल!

राहिला पावसाळा. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा (ड्राय बॉक्स), त्यात छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. दहा लिटरच्या डब्याला दोनशे ग्रॅम पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहावा. ३० च्या खाली नेण्याची हौस करू नये, वंगण आणि रबर सुकते. नारिंगी जेल घ्या, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असते. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवून पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नव्हे. डांबराच्या गोळ्या किंवा कापूर शेजारी ठेवू नका, तसे कॅमेऱ्याच्या पुस्तिकांतच लिहिलेले असते. चामड्याची केस डब्यात घालू नये, ती स्वतःच ओल धरते. आणि एसी गाडीतून कोकणातल्या हवेत उतरताना कॅमेरा बॅगेत बंदच अर्धा तास राहू द्या, नाहीतर भिंगावर आणि आरशावर दव जमते.

आपल्या वर्तमानपत्रात छोट्या जाहिराती असतात. त्यांत कॅमेरा विकणारे ‘उत्तम स्थितीत, कमी वापर’ एवढेच छापतात. जाहिरात घेताना आपल्या विभागाने पाच गोष्टी विचाराव्यात, अशी विनंती आहे. मग ती अशी दिसेल: ‘निकॉन डी९०, १८-१०५ लेन्स, शटर ४१ हजार, बॅटरी वय १, एसडीएचसी १६ जीबी सोबत, डोंबिवली, सहा पावसाळे ड्राय बॉक्समध्ये, टॉर्च घेऊन या.’

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे